सातबाऱ्यावरचा आकार

आमच्याकडे बांधाला धुरा म्हणतात. धामणगाव बढेच्या शिवारात धुऱ्यावर बाभूळ असते, बोर असते, गुरांपुरतं गवत असतं, आणि दोन घरांचं बोलणं बंद होण्याचं कारणही तिथेच असतं. नांगराचं एक तास शेजाऱ्याच्या बाजूला सरकलं की 'धुरा कोरला' म्हणतात. दरवर्षी चार बोटं कोरला, तर वीस वर्षांत पऱ्हाटीची एक ओळ जास्तीची बसते. माझ्या बाबांनी या चार बोटांपायी उभं आयुष्य शेजारच्या वावराकडे डोळा ठेवून काढलं.

मी सातवीत असताना घरातली लोखंडी ट्रंक पहिल्यांदा स्वतः उघडली. फडक्यात बांधलेला सातबारा वर होता. त्यावर गट नंबर होता, बाबांचं नाव होतं, क्षेत्र हेक्टर-आरमध्ये होतं आणि एका रकान्यावर छापलं होतं 'आकार'. मला वाटलं, इथे वावराचं चित्र असणार: नाल्याकडे निमुळतं होत गेलेलं आमचं वावर, चिंचेपाशी त्याला आलेला कोपरा. रकान्यात होते चार रुपये आणि काही पैसे. मी विचारलं, "बाबा, आकार कुठाय?" ते म्हणाले, "हा सरकारचा आकार, पोरी. आपल्या वावराचा आकार मोजणीच्या हापिसात."

गेली चौदा वर्षं मी पुण्यात डेटाबेसचं काम करते आहे आणि त्या उत्तराशी पुन्हा पुन्हा येऊन थांबते. जमीन कोणाची, किती आणि तिच्यावर सारा किती, हे एका दप्तरात. जमीन दिसते कशी, हे दुसऱ्या दप्तरात. दोन्हींमध्ये दुवा फक्त एका क्रमांकाचा. ही फाळणी कशी झाली हे मला समजून घ्यावंसं वाटलं, कारण माझं रोजचं काम ती सांधायचं आहे.

आमच्या भागाला क्रमांक इंग्रजी अमलात मिळाला. १८५३ च्या तहाने निजामाने फौजेच्या थकलेल्या खर्चापोटी वऱ्हाड ईस्ट इंडिया कंपनीकडे सोपवला. त्याआधी निजामाच्या राज्यात वसुली इजाऱ्याने दिली जाई. इजारदाराला रक्कम हवी असे, वावराची लांबी-रुंदी जाणून घ्यायचं त्याला काही कारण नव्हतं. तेव्हा वावरं नावाने ओळखली जात. आमच्या घरात अजूनही 'चिंचेचं', 'नाल्याकडचं' आणि 'पांढरीचं' अशीच नावं चालतात. गट नंबर फक्त कागद भरताना आठवतो.

मुंबई इलाख्यात मोजणीचा प्रयोग आधीच झाला होता. प्रिंगल या अधिकाऱ्याने केलेली पहिली पाहणी फसली होती. आकारणी इतकी जड बसली की शेतकरी गावं सोडून गेले. मग १८३५-३६ मध्ये इंदापूर तालुक्यात गोल्डस्मिड आणि विंगेट या अधिकाऱ्यांनी नव्याने सुरुवात केली आणि १८४७ च्या संयुक्त अहवालाने ती पद्धत पक्की झाली. एका बैलजोडीने वाहता येईल एवढा जमिनीचा तुकडा हा एक नंबर. त्याची हद्द दगडांनी आणि मातीच्या ढिगांनी ठरवायची. मातीची प्रत पाहून सारा बसवायचा आणि तो तीस वर्षं हलवायचा नाही. हीच पद्धत १८६० नंतरच्या दशकात वऱ्हाडात आली. त्याच सुमारास अमेरिकेत यादवी युद्ध पेटलं होतं, मँचेस्टरला कापूस मिळेनासा झाला होता आणि वऱ्हाडाच्या काळ्या मातीला एकदम भाव आला होता. १८६७ पर्यंत रेल्वे मलकापूरवरून नागपूरला पोहोचली. आमचं गाव तेव्हा मलकापूर तालुक्यातलं. गावोगाव साखळी फिरण्यामागे हा कापूस होता, असं माझं मत आहे; ज्या जमिनीतून गाठी निघतात, ती सरकारला नीट मोजून हवी असते.

साखळीबद्दल थोडं सविस्तर सांगते, कारण तिच्यात मला माझ्या कामाचं मूळ दिसतं. शंकू साखळी तेहतीस फुटांची, आणि तिचे भाग सोळा. प्रत्येक भागाला आणा म्हणायचं. रुपयाचे सोळा आणे, तसे साखळीचे सोळा आणे. साखळीभर लांब आणि साखळीभर रुंद म्हणजे एक गुंठा, १०८९ चौरस फूट. चाळीस गुंठ्यांचा एकर. माझ्या आजोबांनी तरुणपणी मोजणीदारामागे साखळी धरायची मजुरी केली होती. ते सांगत, साखळी धरणाऱ्याने लक्ष ठेवायचं ते दोनच गोष्टींवर: उन्हात तापून ती लांब होते आणि ढिली धरली तर पोटात झोल येतो. मोजणीदार ओरडायचा, "ताण, ताण!" आणि आजोबा टाच रोवून मागे झुकायचे. म्हातारपणी गोठ्यात दावं ताणताना त्यांची टाच तशीच रोवली जाई.

मोजणीदार रानात बसून जे कच्चं चित्र काढी ते टिपण. वावराच्या मधून एक लांब पायारेषा, तिच्या दोन्ही अंगांना कोपऱ्यांपर्यंत टाकलेले लंब, आणि प्रत्येक रेषेवर साखळी-आण्यांत लांबी. अशाने वेडंवाकडं वावर त्रिकोण आणि समलंब चौकोनांत फुटतं. त्या तुकड्यांची क्षेत्रफळं गुणाकार बुकात काढायची आणि बेरीज क्षेत्र म्हणून लिहायची. आज संगणकाला एखाद्या बहुभुजाचं क्षेत्रफळ विचारलं, तर तोही कडेकडेने असेच तुकडे धरून बेरीज-वजाबाकी करतो. रीत तीच आहे. आजोबांच्या टाचेची गरज तेवढी उरली नाही.

आणि इथेच दोन दप्तरं वेगळी झाली. टिपणं आणि नकाशे मोजणी खात्याकडे राहिले. क्षेत्र आणि सारा यांचा गोषवारा, म्हणजे आकारबंद, महसुलाकडे गेला, आणि त्यावरून गावचा पटवारी आपली पुस्तकं लिहू लागला. पुढे वऱ्हाडावरचे अंमल बदलत गेले. १९०३ मध्ये वऱ्हाड मध्य प्रांताला जोडला गेला. तिथे मालगुजारी होती, म्हणजे सारा मालगुजारामार्फत जाई, आमच्याकडे मात्र थेट खातेदार, म्हणून वऱ्हाडाला आपला वेगळा जमीन महसूल कायदा राहिला: १८९६ चा, नंतर १९२८ चा. मग १९५४ चा मध्य प्रदेशाचा कायदा, १९५६ मध्ये द्वैभाषिक मुंबई राज्य, १९६० मध्ये महाराष्ट्र, १९६६ ची जमीन महसूल संहिता. आमच्या ट्रंकेत पेरेपत्रक आहे, अधिकार अभिलेखाचा जुना उतारा आहे आणि सातबाराही आहे. तीन कागद, तीन राज्यं, एकच वावर. नकाशा त्यातल्या एकावरही नाही.

सातबारा हा शब्द आपण इतका वापरतो की तो दोन नमुन्यांचा जोड आहे हे विसरतो. गाव नमुना सातमध्ये हक्क, बारामध्ये पिकं. त्यांच्यामागे नमुना सहा, फेरफार नोंदवही: खरेदी, वारस, वाटणी, बोजा, जे जे घडलं ते तारखेने तिथे चढतं. फेरफार मंजूर झाला की सातबारा बदलतो. म्हणजे सातबारा ही मूळ घटनांची वही नव्हे. घटनांवरून एकदा तयार करून ठेवलेला, वाचायला सोपा उतारा आहे. डेटाबेसच्या भाषेत याला मटेरिअलाइज्ड व्ह्यू म्हणतात. हे मला पहिल्यांदा सुचलं तेव्हा मी काम थांबवून बाबांना फोन केला होता. त्यांना शब्द समजला नाही, पण म्हणणं समजलं. "मंग फेरफार नाई चढला त उतारा जुनाच राह्यते," ते म्हणाले. नेमकं तेच.

संगणकातल्या कोष्टकांची ही विद्या १९७० च्या एका निबंधातून आली. लिहिणारे एडगर कॉड, आयबीएमचे गणिती. त्यांचं म्हणणं असं की प्रत्येक गोष्ट एकदाच, तिच्या कोष्टकात ठेवावी. एकत्र पाहायची असेल तर सामाईक क्रमांकावरून जोडून पाहावी. असा जोडून पाहण्याचा प्रश्न नाव देऊन ठेवला की त्याला व्ह्यू म्हणतात. साधा व्ह्यू म्हणजे दर वेळी पटवाऱ्याकडे जाऊन वह्या उघडायला लावणं. मटेरिअलाइज्ड व्ह्यू म्हणजे त्याने एकदा लिहून दिलेला उतारा घरी ठेवणं. उत्तर तिथल्या तिथे मिळतं, पण उताऱ्याची तारीख पाहावी लागते. पोस्टग्रेस या मुक्त डेटाबेसमध्ये ही सोय २०१३ मध्ये आली. त्याच डेटाबेसला नकाशाच्या आकृत्या समजावणारी पोस्टजीआयएस ही जोड कॅनडातल्या व्हिक्टोरिया शहरातल्या रिफ्रॅक्शन्स रिसर्च या कंपनीने २००१ पासून बांधली.

पोस्टजीआयएसच्या सुरुवातीच्या दशकातली एक गोष्ट मला आपल्या फेरफारासारखी वाटते. तेव्हा कोष्टकात आकृती असून भागत नसे. कोणत्या कोष्टकाच्या कोणत्या रकान्यात कोणत्या जातीची आकृती आहे, याची नोंद एका वेगळ्या नोंदवहीत असावी लागे. कोष्टकासाठी ती नोंद करणारी आज्ञा होती. व्ह्यूसाठी ती ओळ हाताने लिहावी लागे. लिहिली नाही, तर आकृती असूनही नकाशा दाखवणाऱ्या अनेक प्रोग्रामांना ती सापडत नसे. २०१२ मध्ये दुसरी आवृत्ती आली आणि नोंदवही स्वतःच एक व्ह्यू झाली. डेटाबेसच्या अंतर्गत यादीवरून ती आपोआप वाचली जाऊ लागली. हाताची नोंद गेली. मात्र रकान्याने आपली जात स्वतः सांगितली पाहिजे, ही अट उरली.

२०१८ च्या उन्हाळ्यात मी ज्या संस्थेत होते तिने अजिंठ्याच्या डोंगराच्या पायथ्याच्या काही गावांत विहिरी आणि शेततळ्यांची नोंद करायचं काम घेतलं. त्यात आमचं गाव होतं म्हणून मी ते मागून घेतलं. गावातली पोरं फोनवर विहिरींच्या जागा टिपत. खातेदार सातबाऱ्याची प्रत आणून दाखवत. गावनकाशाच्या कागदी प्रतीवरून आम्ही एकेक गट संगणकावर गिरवत होतो. खातेदार, पिकं, विहिरी, पाण्याची पातळी, गटांच्या आकृत्या, अशी पाच कोष्टकं झाली. पाचही जोडून पाहायला फार वेळ लागे, म्हणून मी मटेरिअलाइज्ड व्ह्यू केला. त्यात गट नंबर, नाव, क्षेत्र, पीक, विहीर सगळं होतं. आकृती घेतली नव्हती. म्हणजे मी नकळत पुन्हा सातबाराच तयार केला होता.

ग्रामसभेच्या आदल्या दिवशी लोकांना भिंतीवर नकाशा दाखवायचं ठरलं. मी त्या व्ह्यूत आकृतीचा रकाना वाढवायला गेले. तसं करता येत नाही. साध्या कोष्टकाला रकाना जोडता येतो. मटेरिअलाइज्ड व्ह्यू हा एका प्रश्नाचा साठवलेला जबाब असतो आणि प्रश्न बदलला तर जबाब पहिल्यापासून लिहावा लागतो. जुना मोडायचा, नवा घडवायचा. मोडताना त्यावरची अनुक्रमणिका जाते, कोणी वाचावं याच्या परवानग्या जातात, आणि त्यावर आधारलेला दुसरा व्ह्यू असेल तर डेटाबेस साध्या आज्ञेने मोडू देत नाही. मी सगळं टिपून घेतलं आणि मोडलं. रकाना जोडून नवा केला. क्यूजीआयएस या नकाशा दाखवणाऱ्या प्रोग्राममध्ये उघडला तर आकृतीची जात 'कोणतीही' आणि जागेचा क्रमांक शून्य. कारण मी मधे आकृत्या एका मापपद्धतीतून दुसरीत फिरवल्या होत्या, आणि असं रूपांतर झालं की रकाना आपली जात विसरतो. ती पुन्हा स्पष्ट लिहून द्यावी लागते: बहुभुजांचा समूह, ३२६४३.

या ३२६४३ वर मी त्या रात्री बराच वेळ थांबले होते. पृथ्वीला साठ उभ्या फाकांत कापलं, त्यातली त्रेचाळिसावी फाक, विषुववृत्ताच्या उत्तरेची. ती ७२ ते ७८ रेखांशांमधली. आमचं गाव ७६ च्या आसपास. आणि ७८ रेखांश, म्हणजे या फाकेची पूर्वेची कड, हीच ती रेघ जिच्या लगतून विल्यम लॅम्बटनने कन्याकुमारीकडून वर हिंदुस्थान मोजत आणला. १८०२ मध्ये मद्रासजवळ त्याने पहिली पायारेषा आखली. जानेवारी १८२३ मध्ये तो वाटेतच वारला, वर्धा जिल्ह्यातल्या हिंगणघाटला. तिथे त्याची कबर आहे. जॉर्ज एव्हरेस्टने काम पुढे नेलं आणि त्या मोजणीवरून पृथ्वीचा जो गोल काढला, त्यावर हिंदुस्थानचे नकाशे पुढे दीडशे वर्षं निघाले. पण ती मोजणी डोंगरमाथ्यांची होती. आमच्या गावची साखळी पायथ्याला, आपल्या शिवेपुरती फिरली. टिपणावर अक्षांश-रेखांश नसतात. 'उत्तरेस नाला, पूर्वेस अमुक नंबर' एवढंच असतं. दोन्ही मोजण्या एकाच शतकात एकाच वऱ्हाडातून गेल्या आणि एकमेकींना भेटल्या नाहीत. त्या भेटतात अशा एका रकान्यात, जिथे टिपणातून आलेल्या बहुभुजाला ३२६४३ म्हटलं जातं. म्हणून शेजारच्या दोन गावांचे नकाशे जुळवताना शिवेवर कुठे फट पडते, कुठे एकावर एक चढतं. ती चूक कारकुनाची नाही. दोन गावं कधी एकत्र मोजलीच गेली नव्हती.

नंतरचं काम थोडक्यात. आकृतीच्या रकान्यावर जागेनुसार शोधायची अनुक्रमणिका बांधली. प्रत्येक ओळीला एकमेव क्रमांक दिला, कारण त्याशिवाय वाचणाऱ्याला न थांबवता व्ह्यू ताजा करता येत नाही. ही सोय २०१४ पासूनची. एकमेव क्रमांकाचं महत्त्व आमच्या गावाला वेगळं सांगायला नको. अमरावती जिल्ह्यात धामणगाव रेल्वे आहे, आणि नुसतं 'धामणगाव' लिहिलेलं आमचं एक पार्सल तिथे जाऊन महिना राहिलं होतं. 'बढे' हा शब्द आमच्या गावाचा एकमेव क्रमांक आहे.

ग्रामसभेत नकाशा भिंतीवर आला. लोक पुढे येऊन आपापलं वावर बोटाने दाखवू लागले. म्हाताऱ्या बायांनी नाला ओळखला आणि नाल्यावरून आपलं वावर. मग मागच्या रांगेतून एक शेतकरी उठला. शांतपणे म्हणाला, "बाई, ही विहीर माझी हाय. तुम्ही भावाच्या नावावर दाखवली." वाटणी झाली होती, फेरफार मंजूर झाला होता आणि नवा सातबारा त्याने महिन्यापूर्वी आमच्या पोराकडे दिलाही होता. कोष्टकात तो चढला होता. व्ह्यू मी सकाळी ताजा केलाही होता. पण फाटलेल्या गटाची आकृती फाटली नव्हती. पोटहिस्सा कागदावर पडला होता, मोजणी झाली नव्हती, म्हणून दोघांची नावं एकाच बहुभुजावर बसली आणि वर दिसलं ते एकच नाव. सगळ्यांसमोर त्याचं पाणी मी भावाच्या पदरात टाकलं. दोघा भावांचं आधीच पटत नव्हतं. मी त्याची तिथेच माफी मागितली, आणि त्याच्या घरी जाऊन पुन्हा मागितली.

चूक माझी होती. पण ती होण्याची वाट दीडशे वर्षांपूर्वी पडली होती: नाव एका दप्तरात हलतं आणि रेघ दुसऱ्या दप्तरात तशीच राहते. मोजणी खात्यात यासाठी कागद आहेत, आकारफोड पत्रक आहे, कमी-जास्त पत्रक आहे. ते वेळेवर झाले तर रेघ आणि नाव सोबत चालतात. त्या रात्री मी व्ह्यूत दोन रकाने आणखी घातले. त्यासाठी तो पुन्हा मोडला, पुन्हा घडवला. एकात नावाची तारीख, म्हणजे शेवटच्या फेरफाराची. दुसऱ्यात रेघेची तारीख, म्हणजे ती आकृती कोणत्या मोजणीवरून आली त्याची. दोन्हींत अंतर असेल तर तो गट नकाशावर तुटक रेघेने दिसतो आणि त्यावर एकही नाव येत नाही. नाव पाहायचं तर बोट ठेवून, दोन्ही हिस्सेदारांची यादी वाचून. संस्थेतल्या काहींना हे कुरूप वाटलं. आमच्या गावच्या नकाशावर तेव्हा कितीतरी रेघा तुटक झाल्या. मी त्या तशाच ठेवल्या.

१ मे २०१८ पासून डिजिटल सहीचा सातबारा मिळू लागला. २०२० मध्ये स्वामित्व योजनेखाली गावठाणांची ड्रोनने मोजणी काही राज्यांत सुरू झाली आणि २०२१ मध्ये देशभर. त्याचा पहिला प्रयोग पुरंदरच्या सोनोरी गावात झाला होता. जमिनीच्या तुकड्याला अक्षांश-रेखांशावरून चौदा अक्षर-अंकांचा भू-आधार क्रमांक देण्याचं कामही २०२१ पासून चालू आहे. मोजणीदार आता साखळीऐवजी रोव्हर घेऊन येतो, आकाशातल्या उपग्रहांकडून जागा घेतो आणि टाच रोवत नाही. हे सगळं व्हावं असं मला मनापासून वाटतं. ज्या दिवशी फेरफार आणि आकृती एकाच मंजुरीने बदलतील, त्या दिवशी माझ्या तुटक रेघा पुसल्या जातील.

गेल्या दिवाळीला मी आमच्या गटाचा नकाशा मोठ्या कागदावर छापून घरी नेला. नाल्याकडे निमुळतं होत गेलेलं वावर, चिंचेपाशी कोपरा. सातवीत शोधलं होतं ते चित्र. खाली उजव्या कोपऱ्यात दोन तारखा. बाबांनी चष्मा पुसला, कागद ओट्यावर पसरला आणि आधी धुऱ्यावरची बाभूळ शोधली. ती नकाशात नव्हती. त्यांनी माझ्याकडून पेन्सिल घेऊन तिची जागा केली, रेघेच्या आतल्या अंगाला. मग बराच वेळ पाहून म्हणाले, "बाभूळ धुऱ्यावरच हाय. रेघ सरकली." मी रेघेची तारीख दाखवली. ती त्यांच्या जन्माच्या आधीची होती.

शेजारच्या काकांना त्यांनी दुसऱ्या दिवशी चहाला बोलावलं. कागद दोघांच्या मध्ये ठेवला. हद्दकायम मोजणीचा अर्ज दोघांच्या सहीने गेला आहे. तारीख कापूस वेचून झाल्यानंतरची मागितली आहे.